डिस्ने आणि युनिव्हर्सल यांच्यातील थीम पार्क स्पर्धा

डिस्ने आणि युनिव्हर्सल यांच्यातील थीम पार्क स्पर्धा ही अमेरिकेतील दोन बलाढ्य मनोरंजन कंपन्यांमधील दीर्घकालीन व्यावसायिक चढाओढ आहे. तिचे मुख्य क्षेत्र फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो शहराचा परिसर असून कॅलिफोर्निया, जपान आणि चीन येथेही तिचे पडसाद उमटले आहेत. थीम पार्क म्हणजे एखाद्या कथेच्या किंवा कल्पनेच्या आधारे रचलेले मनोरंजन उद्यान. दोन्ही कंपन्या यंत्रे, इमारती आणि राइड उभारण्यात जवळजवळ तुल्यबळ आहेत. कुशल अभियंते व रचनाकार एका कंपनीतून दुसरीत जात असतात. सहज उभे करता येत नाही ते लोकांच्या मनात आधीपासून घर करून असलेले पात्र. त्यामुळे ही स्पर्धा वरवर राइडची दिसत असली तरी मुळात ती कथा आणि पात्रांच्या हक्कांची आहे. एखाद्या पात्राचा मालक कोण, भाडेकरू कोण आणि कराराची हद्द कोठपर्यंत, यावर कोणत्या शहरात काय बांधले जाणार हे ठरते.

या व्यवसायातील रकमा मोठ्या आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात पार्क, क्रूझ जहाजे आणि वस्तुविक्री सांभाळणाऱ्या डिस्नेच्या विभागाचे उत्पन्न सुमारे ३४ अब्ज डॉलर, तर परिचालन नफा ९ अब्ज डॉलरहून अधिक होता. कंपनीच्या सर्व विभागांच्या एकत्रित नफ्याचा निम्म्याहून अधिक भाग एवढ्यातून आला. युनिव्हर्सलची मालकी असलेल्या कॉमकास्ट कंपनीच्या थीम पार्क विभागाचे २०२४ चे उत्पन्न सुमारे ८.६ अब्ज डॉलर होते.

पूर्वपीठिका

या दोन कंपन्यांमधील हक्कांचा पहिला वाद थीम पार्कांच्याही आधीचा आहे. १९२७ साली वॉल्ट डिस्ने आणि अब आयवर्क्स यांनी ‘ऑस्वाल्ड द लकी रॅबिट’ हे सशाचे पात्र निर्माण केले. त्याचे लघुपट युनिव्हर्सल वितरित करीत असे. १९२८ मध्ये वॉल्ट डिस्ने वाढीव मोबदला मागण्यासाठी न्यू यॉर्कला गेले. तेथे निर्माते चार्ल्स मिंट्झ यांनी उलट कमी रकमेचा प्रस्ताव पुढे ठेवला. डिस्ने यांचे बहुतेक चित्रकार आपल्याकडे वळवण्याची तजवीजही मिंट्झ यांनी करून ठेवली होती, आणि पात्राचे हक्क तर युनिव्हर्सलकडेच होते. ऑस्वाल्ड हातचा गेल्यावर मिकी माउसचा जन्म झाला. स्वतःच्या पात्राचे हक्क स्वतःकडेच ठेवण्याचा डिस्ने कंपनीचा पुढील आग्रह या अनुभवाशी जोडला जातो. ऑस्वाल्ड २००६ साली परतला, तोही विलक्षण देवाणघेवाणीतून. क्रीडा समालोचक अल मायकल्स यांना डिस्नेच्या वाहिनीवरून एनबीसी वाहिनीवर जाऊ देण्याच्या बदल्यात, सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, डिस्नेला हा ससा मिळाला.

युनिव्हर्सलचे संस्थापक कार्ल लेमली यांनी १९१५ साली कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल सिटी सुरू केली, तेव्हा अल्प शुल्क घेऊन लोकांना चित्रीकरण पाहू दिले जात असे. बोलपटांच्या काळात प्रेक्षकांचा गोंगाट चालण्यासारखा नव्हता, म्हणून ती प्रथा बंद पडली. १९६४ मध्ये ट्रॅममधून स्टुडिओ दाखवण्याची सहल सुरू झाली आणि तिच्यातून पुढे पार्क आकाराला आले. डिस्नेचा मार्ग वेगळा होता. १७ जुलै १९५५ रोजी अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले, परंतु त्याभोवती इतरांनी उभारलेल्या हॉटेलांची गर्दी झाली. ही चूक टाळण्यासाठी फ्लोरिडात गाजावाजा न करता सुमारे २७ हजार एकर जमीन खरेदी करण्यात आली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले. १९६७ साली राज्याने या जमिनीसाठी रीडी क्रीक नावाचा स्वतंत्र जिल्हा निर्माण केला होता, ज्यात रस्ते, सांडपाणी आणि बांधकाम परवानग्यांचा कारभार प्रत्यक्षात कंपनीच्याच हाती राहिला. प्रतिस्पर्ध्याला अशी सवलत कधीही मिळाली नाही.

ऑरलँडोतील आमनासामना

१९८० च्या दशकात युनिव्हर्सलने ऑरलँडोत चित्रपट-स्टुडिओवर आधारित पार्क काढण्याची योजना आखली. डिस्नेचे तत्कालीन प्रमुख मायकेल आयझ्नर हे पूर्वी पॅरामाउंट कंपनीत होते आणि तेथेच त्यांना या योजनेची माहिती मिळाली, असा आरोप युनिव्हर्सलच्या तत्कालीन नेतृत्वाने केला. आयझ्नर यांनी तो नाकारला. वस्तुस्थिती एवढी की डिस्नेचे स्टुडिओ पार्क १ मे १९८९ रोजी, तर युनिव्हर्सलचे ७ जून १९९० रोजी सुरू झाले. डिस्नेकडे तेव्हा प्रौढांना ओळखीचे वाटतील असे पुरेसे चित्रपट नव्हते. म्हणून एमजीएम कंपनीचे नाव व चित्रपटसंग्रह परवान्याने घेण्यात आला आणि पार्काला डिस्ने-एमजीएम स्टुडिओज असे नाव मिळाले. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९८७ साली सुरू झालेली ‘स्टार टूर्स’ ही राइडही जॉर्ज लुकास यांच्या कंपनीच्या परवान्यावर उभी होती. डिस्नेने आपल्या पार्कांत नेहमी स्वतःचीच पात्रे वापरली, हा समज त्यामुळे बरोबर नाही.

युनिव्हर्सलचे उद्घाटन फसले. किंग काँग, ‘जॉज’ आणि भूकंप या विषयांवरील तिन्ही प्रमुख राइडमध्ये पहिल्याच दिवशी बिघाड झाला. ‘जॉज’ची राइड तर जवळजवळ नव्याने बांधावी लागली.

मार्व्हलचा करार

या स्पर्धेतील सर्वांत दूरगामी दस्तऐवज १९९४ सालचा आहे. युनिव्हर्सलची तत्कालीन मालक कंपनी एमसीए हिने मार्व्हल या कॉमिक्स प्रकाशनाकडून थीम पार्कसाठी पात्रांचे हक्क घेतले. मार्व्हलची आर्थिक स्थिती तेव्हा खालावत चालली होती. १९९६ च्या अखेरीस तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुपरहीरोंचे चित्रपट अब्जावधींचा व्यवसाय करतील असे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नसल्यामुळे हे हक्क आजच्या मानाने किरकोळ अटींवर दिले गेले. करारानुसार मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील अमेरिकेत युनिव्हर्सल ज्या पात्रसमूहांचा वापर करीत आहे, ती पात्रे इतर कोणत्याही थीम पार्कला वापरता येत नाहीत. नदीच्या पश्चिमेला हे बंधन बरेच सैल आहे. युनिव्हर्सल राइड चालू ठेवते आणि ठरलेले शुल्क भरते तोवर करार टिकतो. २८ मे १९९९ रोजी उघडलेल्या आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर या पार्कात स्पायडर-मॅन, हल्क आणि एक्स-मेन यांचे क्षेत्र याच आधारे उभे राहिले.

२००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलरला मार्व्हल विकत घेतली. कंपनीबरोबर हा करारही तिच्याकडे आला. परिणामी पात्रांची मालकी डिस्नेकडे असूनही ऑरलँडोत स्पायडर-मॅन भेटतो तो युनिव्हर्सलमध्ये आणि परवान्याचे शुल्क डिस्नेच्या उपकंपनीला जाते. आयर्न मॅनची राइड डिस्नेने २०१७ मध्ये हाँगकाँगला सुरू केली, अ‍ॅव्हेंजर्सचे स्वतंत्र क्षेत्र २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात उघडले. मात्र जगातील आपल्या सर्वांत मोठ्या पार्कसंकुलात डिस्नेला या दोन्ही गोष्टी करता आलेल्या नाहीत. फ्लोरिडातील एपकॉट पार्कात २०२२ साली आलेली मार्व्हलची राइड ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’वर बेतलेली आहे. हा पात्रसमूह युनिव्हर्सल वापरत नव्हते, त्यामुळे तो मोकळा होता. जपानमध्ये मात्र वेगळे घडले. ओसाका येथील युनिव्हर्सलची २००४ पासून चालू असलेली स्पायडर-मॅन राइड जानेवारी २०२४ मध्ये बंद झाली. ऑरलँडोतील राइड बंद करण्याचे कोणतेही व्यावसायिक कारण युनिव्हर्सलपुढे नाही. प्रतिस्पर्ध्याला अडवणारी अशी भिंत इतक्या स्वस्तात पुन्हा बांधता येणार नाही.

हॅरी पॉटरनंतरचा बदल

२००० च्या दशकात युनिव्हर्सलची मालकी वारंवार बदलत राहिली आणि गुंतवणूक आटली. २००९ मध्ये आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरला सुमारे ४६ लाख लोकांनी भेट दिली. १८ जून २०१० रोजी तेथे हॅरी पॉटरचे क्षेत्र उघडले आणि २०११ मध्ये ही संख्या सुमारे ७७ लाखांवर गेली. थीम पार्कच्या इतिहासात एका क्षेत्राने एवढा फरक क्वचितच पाडला असेल. पॉटर चित्रपटांचे हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे आणि मूळ कथेचे लेखिका जे. के. रोलिंग यांच्याकडे आहेत, म्हणजे युनिव्हर्सल येथे निव्वळ भाडेकरू आहे. मालकांनी तपशिलावर कडक नियंत्रण ठेवले. दुकाने पुस्तकातल्यासारखी अरुंद राहिली आणि नेहमीच्या शीतपेयांऐवजी कथेतील बटरबिअर विकली गेली. व्यापारी दृष्टीने ही बंधने गैरसोयीची होती, पण लोक रांग लावून जादूची छडी व पेय विकत घेऊ लागले आणि अडचण वाटणारी अटच उत्पन्नाचे साधन ठरली.

२०११ मध्ये कॉमकास्टने एनबीसी-युनिव्हर्सलचा ताबा घेतला आणि ऑरलँडोतील भागीदाराचा निम्मा हिस्साही विकत घेतला. पुढचा विस्तार २०१४ मध्ये झाला. शेजारच्या पार्कात डायगन अ‍ॅली उभारण्यात आली आणि दोन्ही पार्कांना जोडणारी हॉगवर्ट्स एक्सप्रेस ही गाडी सुरू झाली. गाडीत बसायचे तर दोन्ही पार्कांचे तिकीट लागते, ही त्यातील खरी खुबी. या क्षेत्रासाठी ‘जॉज’ची राइड पाडण्यात आली. स्वतःच्या मालकीचा गाजलेला चित्रपट हटवून परक्या मालकीची कथा आणणे युनिव्हर्सलला अधिक लाभदायक वाटले, यावरून एखाद्या कथेची चालू लोकप्रियता मालकीवर किती मात करू शकते हे दिसते.

डिस्नेचे प्रत्युत्तर

डिस्नेने दोन वाटा धरल्या. सप्टेंबर २०११ मध्ये तिने जेम्स कॅमेरॉन यांच्या ‘अवतार’चे थीम पार्क हक्क परवान्याने घेतले आणि २०१७ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम येथे पँडोरा हे क्षेत्र उघडले. दुसरी वाट थेट खरेदीची. पिक्सार २००६ मध्ये आणि मार्व्हल २००९ मध्ये घेऊन झाली होती. २०१२ मध्ये लुकासफिल्म ४.०५ अब्ज डॉलरला घेतल्यावर ‘स्टार वॉर्स’ही स्वतःच्या मालकीचे झाले. या खरेदी पार्कांसाठीच झाल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण चित्रपट आणि दूरचित्रवाणी हेच त्यांचे मुख्य प्रयोजन होते. मात्र त्यांचा सर्वांत स्थिर परतावा पार्कांतून मिळाला, असे मानण्यास वाव आहे.

ट्वेन्टी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्सच्या विक्रीत दोन्ही प्रतिस्पर्धी उघडपणे समोरासमोर आले. डिस्नेचा डिसेंबर २०१७ मधील प्रस्ताव सुमारे ५२ अब्ज डॉलरचा होता. जून २०१८ मध्ये कॉमकास्टने ६५ अब्ज डॉलर देऊ केले. अखेर डिस्नेला सुमारे ७१ अब्ज डॉलरवर जावे लागले आणि मार्च २०१९ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. त्यातून ‘अवतार’च्या बाबतीत डिस्ने भाडेकरूची मालक झाली. ‘द सिम्पसन्स’ची मालकीही तिच्याकडे आली, पण त्यावर आधारित राइड २००८ पासून युनिव्हर्सलच्या पार्कांत होती. मार्व्हलपाठोपाठ दुसऱ्यांदा डिस्नेची पात्रे प्रतिस्पर्ध्याच्या दारात उभी राहिली.

मालकी आणि पैसा दोन्ही हाती असूनही यश हमखास मिळत नाही, याचे उदाहरण ‘स्टार वॉर्स’च्या क्षेत्रात सापडते. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा येथे उघडलेल्या या क्षेत्रांवर प्रत्येकी सुमारे १ अब्ज डॉलर खर्च झाल्याचे वृत्त होते. चित्रपटांत कधी न दिसलेला बाटू नावाचा ग्रह त्यासाठी कल्पिला गेला. लोकांना ओळखीचे जग हवे असते, हा पॉटरचा धडा येथे काहीसा विसरला गेला आणि पहिल्या उन्हाळ्यात अपेक्षित गर्दी झाली नाही. त्याला जोडून मार्च २०२२ मध्ये उघडलेले ‘गॅलेक्टिक स्टारक्रूझर’ हे अंतराळयानासारखे हॉटेल दोन जणांच्या दोन रात्रींसाठी सुमारे ४,८०० डॉलर आकारत असे. ते दीड वर्षात, सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाले.

निन्टेंडो आणि एपिक युनिव्हर्स

मे २०१५ मध्ये युनिव्हर्सलने निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीशी भागीदारी जाहीर केली. मारिओसारख्या पात्रांना मुले आणि त्यांचे पालक दोघेही ओळखतात, आणि हे स्थान आजवर डिस्नेच्या पात्रांचे होते. सुपर निन्टेंडो वर्ल्ड मार्च २०२१ मध्ये ओसाका येथे आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये हॉलिवूड येथे उघडले. २०२३ मध्ये ओसाकाच्या पार्काला सुमारे १ कोटी ६० लाख लोकांनी भेट दिली आणि त्याने टोकियो डिस्नेलँडला मागे टाकले.

२२ मे २०२५ रोजी ऑरलँडोत एपिक युनिव्हर्स हे नवे पार्क सुरू झाले. त्यावरील खर्च सुमारे ७ अब्ज डॉलर असल्याचे वृत्त आहे. त्याची रचना हक्कांच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. मध्यवर्ती उद्यानाभोवतीच्या चार जगांपैकी निन्टेंडो आणि हॅरी पॉटर परवान्यावर आहेत. ड्रॅगनचे क्षेत्र ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशनच्या चित्रपटांवर बेतलेले असून ही कंपनी कॉमकास्टने २०१६ मध्ये विकत घेतली होती. चौथे जग युनिव्हर्सलच्या १९३० च्या दशकातील भयपटांचे आहे. ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘ड्रॅक्युला’ या कादंबऱ्या आज कोणालाही वापरता येतात. परंतु सपाट डोक्याचा, मानेत खिळे असलेला राक्षस कादंबरीत नाही. तो १९३१ च्या चित्रपटासाठी घडवलेला असून त्या रूपावर युनिव्हर्सलचा हक्क आहे.

डिस्नेने सप्टेंबर २०२३ मध्ये पार्क व संबंधित व्यवसायात दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. फ्लोरिडात त्याआधी राजकीय संघर्ष पेटला होता. शाळांतील लैंगिकतेविषयक शिक्षणासंबंधीच्या राज्याच्या कायद्याला डिस्नेने विरोध केल्यावर राज्य शासनाने रीडी क्रीक जिल्ह्याचे नियंत्रण आपल्याकडे घेतले. जून २०२४ मध्ये नव्या मंडळाशी झालेल्या करारात कंपनीने १० ते २० वर्षांत १७ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणुकीची तयारी दर्शवली. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेल्या योजनांत डिस्ने चित्रपटांतील खलनायकांचे क्षेत्र आणि पिक्सारच्या ‘कार्स’वरील क्षेत्र यांचा समावेश आहे.

परिणाम

स्पर्धेमुळे नवी आकर्षणे वाढली, पण स्वतंत्र कल्पनांची जागा आक्रसली. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही १९६७ ची मूळ राइड होती, चित्रपट २००३ मध्ये आला. आज हा क्रम जवळजवळ पूर्ण उलटला आहे. एपकॉटमधील नॉर्वेच्या लोककथांवरील नौकाविहाराच्या जागी २०१६ मध्ये ‘फ्रोझन’ आले. १९७१ पासून मॅजिक किंगडमची ओळख असलेला नदीचा परिसर ‘कार्स’साठी जुलै २०२५ मध्ये बंद करण्यात आला. चित्रपटाचा आधार नसलेल्या मोठ्या राइडपैकी अ‍ॅनिमल किंगडममधील ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ उरली आहे. २००६ सालची ही राइड हिमालय आणि यतीच्या दंतकथेवर आधारित आहे, आणि त्याच पार्कात भारतीय उपखंडाच्या धर्तीवर कल्पिलेले आनंदापूर नावाचे गावही आहे. तिथला यतीचा यांत्रिक पुतळा उद्घाटनानंतर थोड्याच काळात नादुरुस्त झाला आणि वर्षानुवर्षे तसाच राहिला. नव्या कथाविश्वांवर अब्जावधी खर्च होत असताना देखभालीचा हा प्रश्न मागे पडला, अशी टीका चाहत्यांकडून सातत्याने होते.

दरवाढीचा भार पाहुण्यांवर पडतो. १९७१ मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा प्रवेश ३.५० डॉलर होता आणि राइडची तिकिटे वेगळी होती. अलीकडच्या काळात नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडमचे एका दिवसाचे तिकीट १९९ डॉलरपर्यंत पोहोचले, आणि रांग टाळण्यासाठीचे शुल्क त्याहून वेगळे. स्पर्धेमुळे दर उतरतात हा अर्थशास्त्रातील सर्वसाधारण नियम येथे लागू पडलेला नाही. पॉटर हवा असलेल्या मुलाला मिकी पर्याय म्हणून चालत नाही, त्यामुळे अनेक कुटुंबे एकाऐवजी दोन्ही ठिकाणी जातात. स्थानिक करदात्यांचाही यात वाटा आहे. एपिक युनिव्हर्सकडे जाणाऱ्या रस्त्याच्या विस्तारासाठी ऑरेंज काउंटीने १२.५ कोटी डॉलर मंजूर केले, तेव्हा कामगारांची घरे आणि वेतन यांसारखे प्रश्न बाजूला पडत असल्याचा आक्षेप घेण्यात आला. डिस्नेच्या फ्लोरिडातील कामगार संघटनांनी २०२३ मध्ये किमान वेतन ताशी १८ डॉलरपर्यंत वाढवून घेतले.

अमेरिकेबाहेर

टोकियोमध्ये डिस्नेची पार्के ओरिएंटल लँड कंपनी या जपानी कंपनीच्या मालकीची आहेत. १९८३ पासून ती सर्व खर्च करते आणि डिस्नेला मानधन देते. जून २०२४ मध्ये उघडलेल्या तेथील ‘फँटसी स्प्रिंग्ज’ या विस्तारावर सुमारे ३२० अब्ज येन खर्च झाले. मे २०२५ मध्ये डिस्नेने अबू धाबीतील पार्कासाठी हाच नमुना स्वीकारल्याचे जाहीर केले. तेथे बांधकामाचा खर्च मिराल ही स्थानिक कंपनी करणार असून डिस्ने पात्रे व रचना पुरवेल. युनिव्हर्सलने त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंडमधील बेडफर्डजवळ, जुन्या वीटभट्ट्यांच्या सुमारे ४७६ एकर जागेवर, २०३१ मध्ये पार्क उघडण्याची योजना ब्रिटिश सरकारसह जाहीर केली. रस्ते व रेल्वेच्या सोयींचा भाग सरकारकडे राहील. पहिल्या वर्षी ८५ लाख पाहुण्यांचा अंदाज त्या वेळी देण्यात आला, परंतु पार्कात कोणती कथाविश्वे असतील याविषयी कंपनीने एकही नाव घेतले नाही.